स्लीपला टाकलेला संगणक रात्री आपोआप जागा होतो, कारण कसे शोधावे?

दहीपूलकर

सर्वांना नमस्कार.

जुन्या नाशकात दहीपुलाजवळच्या एका वाड्यात तळमजल्यावर माझे डीटीपीचे दुकान असून माडीवर आमचे बिऱ्हाड आहे. दुकानात दोन संगणक आहेत. आतल्या खोलीतल्या मुख्य संगणकावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले यांचे सगळे काम साठवलेले असते. काउंटरवरचा दुसरा संगणक लॅनच्या वायरीने राउटरमार्फत त्याला जोडलेला आहे आणि गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवणे, प्रिंट काढणे एवढ्यापुरता त्याचा उपयोग होतो. तक्रार आहे ती मुख्य संगणकाची. त्यावर विंडोज ११ आहे.

रात्री साडेनऊला शटर ओढण्यापूर्वी मी हा संगणक बंद न करता स्लीपला टाकतो, म्हणजे सकाळी सात-आठ फायली आदल्या रात्री होत्या तशाच उघड्या सापडतात आणि कोणत्या पत्रिकेचे प्रूफ तपासायचे राहिले आहे हे आठवत बसावे लागत नाही. सुमारे दीड महिन्यापासून मात्र तो झोपेत टिकेनासा झाला आहे. कधी कधी मी जिना चढून वर पोहोचतो न पोहोचतो तोच खालून पंख्याची घरघर सुरू होते. माडीची जमीन लाकडी फळ्यांची असल्यामुळे रात्रीच्या शांततेत हा आवाज लपत नाही. खाली जाऊन पाहावे तर पंखा फिरत असतो, कॅबिनेटवरचा दिवा स्थिर जळत असतो, पण मॉनिटर काळाच असतो. कीबोर्डवरचे एखादे बटन दाबले की मगच तो उजळतो. पुन्हा स्लीपला टाकले तर कधी तो सकाळपर्यंत झोपतो, कधी दहा मिनिटांत उठतो.

दोनदा असेही झाले की मध्यरात्री वीज जाऊन आली आणि त्यानंतर संगणक आपोआप चालू झाला. त्या वेळी मात्र फळ्यांच्या फटींतून मॉनिटरचा निळसर उजेड वरपर्यंत येत होता.

माझा पहिला संशय माऊसवर होता. वाडा जुना असल्याने खरे उंदीरही मुबलक आहेत आणि टेबलावरून धावताना त्यांचा माऊसला धक्का लागत असावा, असे मला वाटले. म्हणून आठवडाभर मी रात्री माऊस उलटा करून ठेवला, नंतर त्याची वायरच काढून ठेवू लागलो. काही उपयोग झाला नाही. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे. परंतु सगळे देवनागरी फॉन्ट आणि जुने सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे म्हणजे ऐन लग्नसराईत दोन दिवस दुकान बंद ठेवण्यासारखे आहे. त्याआधी कारण शोधण्याचा काही मार्ग असल्यास कृपया सांगावा.

अंबडचा देखभालवाला

दहीपूलकर, विंडोज नव्याने टाकू नका. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांच्या ऑफिसांतले संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे आणि ही तक्रार महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे येते. संगणक झोपेतून उठला की त्याला कोणी उठवले याची नोंद बहुतेक वेळा तो स्वतःच ठेवतो. ती नोंद वाचण्याआधी केलेला कोणताही उपाय म्हणजे अंधारात मारलेला तीर होय.

तुमच्या वर्णनातच एक महत्त्वाचा धागा आहे. माऊस, कीबोर्ड किंवा पॉवरचे बटन यांमुळे संगणक उठला, तर समोर माणूस आहे असे धरून विंडोज मॉनिटरही चालू करते. लॅन कार्डाने किंवा आधी लावून ठेवलेल्या गजराने उठवले, तर यंत्र चालू होते पण पडदा काळा राहतो. तुमचा मॉनिटर काळा असतो, तेव्हा उंदीर, खरे आणि खोटे दोन्ही, या प्रकरणात निर्दोष दिसतात. शिवाय, माणसाविना उठलेल्या संगणकाने काही काम नसेल तर साधारण २ मिनिटांत परत झोपी जावे अशी विंडोजची मूळ व्यवस्था असते. तुमचा तसा झोपत नाही. याचा अर्थ त्याला उठवणारे काहीतरी आहेच, पण उठल्यावर जागे ठेवणारेही काहीतरी आहे, आणि ही दोन्ही कारणे वेगवेगळी शोधावी लागतील. वीज आल्यावर चालू होण्याचा प्रकार तिसराच दिसतो. तो तूर्त बाजूला ठेवू.

स्टार्ट मेनूत कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाकायच्या आहेत, मी येथे उच्चार लिहितो. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला ‘पॉवरसीएफजी’ हा एकच सलग शब्द येतो, म्हणजे पॉवर आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरे. मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला लागून पुढचा शब्द. पुढचा शब्द ‘लास्टवेक’ असेल तर शेवटचे कोणी उठवले ते कळते. ‘वेकटायमर्स’ लिहिल्यास कोणते गजर लावलेले आहेत ते दिसते. ‘रिक्वेस्ट्स’ लिहिल्यास या क्षणी संगणकाला झोपू न देणारे प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर समोर येतात. ही आज्ञा रात्री पंखा फिरताना खाली जाऊन, इतर काहीही उघडण्यापूर्वी द्यावी, कारण सकाळी दिली तर अपराधी निघून गेलेला असतो. ‘डिव्हाइसक्वेरी’ लिहून, एक जागा सोडून, ‘वेक’ आणि ‘आर्म्ड’ हे शब्द मधे खालची रेघ घालून जोडले, तर संगणकाला उठवण्याची परवानगी असलेल्या सर्व उपकरणांची यादी मिळते.

‘लास्टवेक’ फक्त शेवटचीच जाग सांगते. मागच्या रात्रींचा हिशेब हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम या भागात ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या नावाच्या नोंदी पाहा. त्यांचा क्रमांक १ असतो आणि प्रत्येक नोंदीत झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि ‘वेक सोर्स’ असे तीन तपशील असतात. दोन-तीन रात्रींचे हे तपशील कागदावर उतरवून येथे द्या. तोपर्यंत एकही सेटिंग बदलू नका.

सिडकोतला जुना सभासद

एवढा खटाटोप कशासाठी? रात्री शट डाऊन करावे आणि निवांत झोपावे. मी वीस वर्षे हेच करत आलो आहे.

अंबडचा देखभालवाला

आपले म्हणणे चुकीचे नाही, पण प्रश्नकर्त्याला उघड्या फायली जशाच्या तशा हव्या आहेत, आणि बायॉसमध्ये (म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) लॅनने किंवा घड्याळाने चालू होण्याची सोय सुरू असेल तर शट डाऊन केलेला संगणकसुद्धा उठतो. रोग तोच राहील, फक्त तो उठल्यावर फायली बंद झालेल्या असतील.

दहीपूलकर

सांगितल्याप्रमाणे तीन रात्री काहीही न बदलता नोंदी घेतल्या. त्या अशा आहेत.

पहिल्या रात्री ९ वाजून ३८ मिनिटांनी झोपला आणि ९ वाजून ४१ मिनिटांनी उठला. वेक सोर्समध्ये ‘डिव्हाइस’ असे लिहून पुढे मदरबोर्डवरच्या लॅन कार्डाचे नाव होते. मी परत स्लीपला टाकल्यावर १० वाजून १७ मिनिटांनी पुन्हा तेच नाव. दुसऱ्या रात्री लॅन कार्डाने एकदाही उठवले नाही, पण रात्री २ वाजून गेल्यावर ‘टायमर’ अशी नोंद झाली आहे. तिसऱ्या रात्री दोन्ही झाले. उठवण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत कीबोर्ड, माऊस आणि लॅन कार्ड अशी तीन नावे आहेत.

तिसऱ्या रात्री पंख्याचा आवाज येताच मी बॅटरी घेऊन खाली उतरलो आणि लॉगिन करून सर्वप्रथम ‘रिक्वेस्ट्स’ची आज्ञा दिली. ‘सिस्टिम’ या शीर्षकाखाली ‘एसआरव्हीनेट’ नावाचा एक ड्रायव्हर होता आणि त्याखाली, दुसऱ्या संगणकाने या यंत्राकडे नुकतीच मागणी पाठवली आहे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. संगणक झोपलेला असतानाही मागच्या बाजूला, लॅनची वायर जिथे खोचलेली आहे तिथला नारिंगी दिवा लुकलुकत असतो. हे बरोबर आहे का?

गंगापूर रोडवरचा नेटवर्कवाला

तो दिवा लुकलुकणे बरोबरच आहे आणि तुमच्या प्रश्नाची किल्लीही त्याच जागी आहे.

संगणकाच्या झोपेचे प्रकार एसीपीआय या मानकात ठरवून दिलेले आहेत. ते इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. डेस्कटॉपची नेहमीची झोप म्हणजे त्यातली एस-३ ही अवस्था. तीत प्रोसेसर, डिस्क, पंखे बंद होतात आणि केवळ रॅमला तिच्यातला मजकूर टिकेल एवढी वीज मिळत राहते. पॉवर सप्लायमध्ये ५ व्होल्टची एक स्टँडबाय वाहिनी असते. भिंतीवरचे बटन चालू आहे तोवर ती कधीच बंद होत नाही. तिच्यावरच लॅन कार्ड अर्धवट जागे राहते आणि वायरीतून काय येते आहे त्याकडे कान लावून बसते.

आता ते कशाने दचकते, ते पाहू. दुरून संगणक उठवण्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा एक खास संदेश ठरलेला आहे. त्यात २५५ हा आकडा सलग ६ वेळा येतो आणि त्यानंतर त्या कार्डाचा स्वतःचा ६ बाइटांचा पत्ता १६ वेळा येतो, म्हणजे एकूण १०२ बाइट. असा संदेश चुकून कधी तयार होत नाही. कोणीतरी मुद्दाम पाठवावा लागतो. परंतु बहुतेक कार्डांत याखेरीज ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ नावाची दुसरी सोयही चालू असते. शेजारच्या संगणकाने ‘अमुक पत्त्याचे यंत्र कोणते?’ एवढे साधे विचारले, तरी ती सोय त्याला हाक समजून संगणकाला उठवू शकते. दारावर थाप पडावी तेव्हाच उठायचे, की गल्लीतून कोणी नाव घेतले तरी उठायचे, एवढाच फरक आहे.

तुमच्या ‘रिक्वेस्ट्स’च्या उत्तरातला एसआरव्हीनेट म्हणजे फाइल शेअरिंगचा ड्रायव्हर होय. तेव्हा हाक मारणारा आणि नंतर जागे ठेवणारा एकच असावा असे मला वाटते, आणि तो तुमच्या काउंटरवर बसलेला आहे. काउंटरचा संगणक रात्री चालू राहतो का? मुख्य संगणकावरचे फोल्डर त्यावर ड्राइव्ह म्हणून जोडलेले आहे का? आणि दीड महिन्यापूर्वी त्यात काही बदल केला होता का?

दहीपूलकर

तिन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे आहे. खरे तर ही गोष्ट मी पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती. शेजारच्या दुकानात चोरी झाल्यामुळे दीड महिन्यापूर्वी मी दाराशी कॅमेरा बसवला आणि त्याचे चित्रण काउंटरच्या संगणकावर साठवण्याची व्यवस्था केली. तेव्हापासून तो संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यापूर्वी दोन्ही एकदमच निजत असत. मुख्य संगणकावरचे ‘कामे’ हे फोल्डर काउंटरवर ड्राइव्ह म्हणून फार पूर्वीपासून जोडलेले आहे आणि त्याची खिडकीही बहुधा उघडीच राहते.

गंगापूर रोडवरचा नेटवर्कवाला

मग चोर सापडला असे समजा, दुकानातला नव्हे, झोपेतला.

मुख्य संगणकावर डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडाप्टर्समध्ये तुमच्या लॅन कार्डावर दोनदा क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’ या टॅबवर जा. तेथे ‘ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट टू वेक द कॉम्प्युटर’ या ओळीसमोर बरोबरची खूण करा. मग ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमधील यादीत ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ शोधून ते ‘डिसेबल्ड’ करा. दुरून संगणक उठवण्याची गरजच कधी पडणार नसेल, तर ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ ही खूणच काढून टाकणे अधिक सोपे. एक सावधगिरी बाळगा: लॅन कार्डाचा ड्रायव्हर पुढे कधी नव्याने बसला, तर ही सेटिंग्ज मूळपदावर येऊ शकतात. त्यामुळे तक्रार परत आली तर प्रथम येथेच पाहावे. कीबोर्डची परवानगी मात्र काढू नका. ती आणि माऊसची अशा दोन्ही काढल्या तर उठवायला केवळ कॅबिनेटचे बटन उरते.

अंबडचा देखभालवाला

रात्री २ वाजताच्या टायमरबद्दल लिहायचे राहिले. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात पहाटे २ वाजता ठरलेली असते आणि तिला संगणक उठवण्याची मुभा देणारी खूण कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’ या भागात असते. ती खूण काढा. अपडेटसारखी इतर कामेही गजर लावू शकतात, त्यासाठी पॉवर ऑप्शन्समधील ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडून ‘स्लीप’खालील ‘अलाऊ वेक टायमर्स’ हे ‘डिसेबल’ करावे. काही जण येथे ‘इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली’ निवडतात. त्यात मोठ्या अपडेटनंतरचे रीस्टार्ट वगैरे अजूनही उठवू शकते, म्हणून तुमच्यासारख्या खाली दुकान, वर घर असलेल्याने पूर्ण बंदच करावे असे माझे मत आहे. देखभालीचे काम दिवसा संगणक रिकामा असताना होते, त्यामुळे नुकसान काही नाही.

प्रथम लॅनचा बदल करा, दोन रात्री पाहा, मग टायमरचा करा. दोन्ही एकदम केले तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

नाशिकरोडकर

वीज जाऊन आल्यावर चालू होण्याचा जो प्रकार आहे त्याबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे पावसाळ्यात हाच अनुभव येत असे. झोपलेल्या डेस्कटॉपची वीज गेली तर एस-३ मधील रॅम रिकामी होते. म्हणजे तुमचा संगणक त्या दोन रात्री ‘जागा’ झालेला नाही, तो नव्याने ‘चालू’ झालेला आहे, आणि म्हणूनच मॉनिटरही उजळला. वीज परत आल्यावर काय करायचे हे विंडोज नव्हे तर बायॉस ठरवते. त्यात ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा अशाच नावाचे एक सेटिंग असते. तुमच्याकडे ते ‘पॉवर ऑन’ किंवा ‘लास्ट स्टेट’ असे असावे. ते ‘पॉवर ऑफ’ करावे.

फायली वाचवायच्या असतील तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’ चालू आहे का ते पाहा. ते चालू असले तर झोपण्यापूर्वी रॅममधला मजकूर डिस्कवरही लिहिला जातो आणि वीज गेली तरी पुढच्या वेळी काम तिथूनच सुरू होते. त्या दोन सकाळी तुमच्या फायली उघड्या सापडल्या होत्या का? नसतील, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद असेल, तर हायब्रिड स्लीप बंद आहे असे समजावे. आणखी एक विचारतो: यूपीएस आहे ना? झोपलेल्या संगणकाला अगदी थोडे वॉट लागतात, तेवढ्यावर धड बॅटरीचा लहान यूपीएससुद्धा बराच वेळ तग धरतो. अर्ध्या तासाच्या भारनियमनात तो मान टाकत असेल तर बॅटरी संपत आली आहे.

पंचवटीचा पासधारक

विषयाला धरूनच विचारतो. माझा लॅपटॉप नाशिकरोडला झाकण मिटवून बॅगेत ठेवला की कल्याण येईपर्यंत बॅग भाजल्यासारखी गरम होते आणि चार्जिंग निम्म्यावर येते. त्याच्यावरही हेच उपाय लागू पडतील का?

गंगापूर रोडवरचा नेटवर्कवाला

तुमचा रोग वेगळा आहे. ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ आणि नुसते ‘ए’ एवढी आज्ञा द्या. उत्तरात ‘एस-० लो पॉवर आयडल’ दिसले तर तुमच्या लॅपटॉपला एस-३ ची झोप बहुधा नाहीच; तो मोबाइलसारखा पडदा विझवून पडून राहतो आणि मधूनमधून नेटवर्कही तपासतो. ‘स्लीपस्टडी’ ही आज्ञा दिल्यास गेल्या तीन दिवसांत झोपेत कोणी किती चार्जिंग खाल्ले त्याचा अहवाल तयार होतो. प्रवासापुरता खात्रीचा उपाय म्हणजे हायबरनेट. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ व्हावे असे ठरवा. काम डिस्कवर लिहिले जाऊन यंत्र पूर्ण थंड होते, उठायला मात्र थोडा अधिक वेळ घेते.

दहीपूलकर

आठ रात्री पाहून मग लिहितो आहे.

लॅन कार्डाला केवळ मॅजिक पॅकेटची परवानगी ठेवल्यावर संध्याकाळचे जागे होणे त्याच दिवसापासून थांबले. पहाटेची जाग मात्र चालूच होती. टायमर बंद केल्यावर तीही गेली. मागच्या सलग पाच रात्रींच्या नोंदींत झोपण्याची वेळ साडेनऊच्या आसपास, उठण्याची सकाळी नऊच्या आसपास आणि वेक सोर्समध्ये माझा कीबोर्ड, एवढेच आहे. नारिंगी दिवा अजून लुकलुकतो, पण आता त्याचा राग येत नाही. माऊसची वायरही पुन्हा जोडली आहे.

नाशिकरोडकरांचा अंदाज खरा ठरला. बायॉसमध्ये ‘लास्ट स्टेट’ होते, हायब्रिड स्लीप बंद होते आणि ४१ क्रमांकाच्या दोन नोंदी नेमक्या त्या दोन रात्रींच्या सापडल्या. दोन्ही सेटिंग्ज बदलून, भिंतीवरचे बटन मुद्दाम बंद करून पाहिले. यूपीएस सहा मिनिटांत गप्प झाला. वीज परत दिल्यावर संगणक चालू झाला नाही, आणि मी बटन दाबल्यावर सगळ्या फायली होत्या तशा उघडल्या. यूपीएसची बॅटरी या आठवड्यात बदलतो आहे.

विजेचाही हिशेब करून पाहिला. रिकाम्या संगणकाला ५० वॉट धरले तर ११ तासांच्या रात्रीत अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त, म्हणजे महिन्याला १६-१७ युनिटे नुसती पंख्याच्या घरघरीत जात होती.

एक लहानशी गैरसोय उरली आहे. सकाळी काउंटरचा संगणक आधी पाहिला तर ‘कामे’ या ड्राइव्हवर लाल फुली दिसते. आतल्या खोलीत जाऊन मुख्य संगणक उठवला आणि ड्राइव्ह एकदा उघडला की ती जाते. तेवढे चालण्याजोगे आहे.